यंदा बहार कोणाचा फुटला

१

सहा मार्चला सकाळी सव्वादहा वाजता मी ऑफिसातलं लोखंडी कपाट उघडलं, तर संचित निधीची फाईल जागेवर नव्हती. वरचा कप्पा पाहिला, खालचा पाहिला, कपाटामागे हात घालून जळमटं ओढली. मग खुर्चीवर बसले.

त्या कपाटाच्या किल्ल्या दोनच. एक माझ्या पर्समध्ये आणि दुसरी सीएमओ, म्हणजे मुख्याधिकारी, वीरेंद्र साहेबांच्या खणात, ज्याला कधीच कुलूप नसतं. म्हणजे किल्ली कोणीही उचलू शकत होतं, पण जाब द्यायची वेळ आली की बोट माझ्याकडेच येणार होतं. जांबखापा नगर परिषदेची लेखापाल मी, धनश्री. नोकरीला दीड वर्ष झालेलं, वडील मोहगावला मास्तर, आणि घरात पोलीस कधी उंबऱ्यापर्यंतही आलेला नाही.

आमचं गाव मध्य प्रदेशातलं, पांढुर्णा आणि सौंसरच्या मधलं. दोन वर्षांपासून बाजार बसला आहे. संत्र्याला भाव नाही, दोन जिनिंगला टाळं, लोकांनी घरपट्टी भरणं सोडलं, बाजार वसुलीच्या ठेक्याला बोली लावायला कोणी फिरकलं नाही. भोपाळहून दर महिन्याला येणारी चुंगीची, म्हणजे बंद झालेल्या जकातीची, भरपाई, जिच्यावर आमचे पगार निघतात, ती अर्ध्यावर आली. अशा वेळी गावाला एकच आधार होता, तो म्हणजे संचित निधी. माझ्याआधीचे लेखापाल नत्थूजी यांनी नऊ वर्षं रुपयामागे पाच पैसे बाजूला काढून एकेचाळीस लाख जमवले होते. कोणाला त्यातून स्वागतद्वार हवं होतं, कोणाला कारंजं. नत्थूजी सगळ्यांना चहा पाजायचे आणि नाही म्हणायचे.

गेल्या पावसाळ्यात पाऊस अर्धाच पडला. विहिरी पौषातच तळाला गेल्या. तेव्हा परिषदेनं ठराव करून या निधीला हात लावला आणि पंधरा जानेवारीपासून टँकर सुरू झाले. रोज साठ फेऱ्या, फेरीला आठशे रुपये. ते सगळं त्या फाईलमध्ये होतं, आणि प्रत्येक बिलावर सही माझी होती.

आता भीतीचं खरं कारण सांगते. निवृत्तीनंतर संविदेवर, म्हणजे कंत्राटावर, येऊन मला बजेट शिकवणारे नत्थूजी बारा फेब्रुवारीला फिल्टर प्लांटमागच्या मोठ्या विहिरीत मेलेले सापडले. उन्हाची चक्कर आली असेल, असं लोक म्हणाले. त्यानंतर संध्याकाळी प्लांटकडे जाणाऱ्या नदीकाठच्या रस्त्याला संत्र्याच्या फुलांचा वास येऊ लागला. एरवी त्यात काही नवल नाही. पण यंदा डोंगरापर्यंत एकाही बागेला फूल नव्हतं. फूलच नाही, तरी वास घमघमत यायचा. नत्थूजी फिरतात, असं बाया कुजबुजत. माझी भाड्याची खोली त्याच रस्त्याला होती.

२

दहा मार्चला बजेटची बैठक होती. फाईल मिळाली नाही तर त्याच दिवशी माझ्या नावानं एफआयआर करावी लागेल, असं वीरेंद्र साहेबांनी शांत आवाजात हिंदीत सांगितलं. ते शांत बोलले याचीच मला जास्त भीती वाटली. मग, फाईल गेली तरी हिशेब तरी उभा करता येतो का हे पाहायला, त्यांनी सौंसरहून पंचफुलाबाईंना बोलावलं.

पंचफुलाबाई निवृत्त ऑडिटर. नोकरीत असताना त्या येणार म्हटलं की बाबू लोक रजा टाकायचे, असं नत्थूजी सांगत. मला वाटलं, कोणी धिप्पाड बाई येईल. बसमधून उतरली ती साठी ओलांडलेली, पायांत कॅनव्हासचे बूट, हातात भाकरीचा डबा आणि चेहऱ्यावर जगाचा कंटाळा. सौंसरला त्यांची स्वतःची दोनशे झाडांची बाग आहे, हे त्यांनी नाव सांगायच्या आधी सांगितलं.

मी त्यांना फाईलबद्दल सांगायला लागले आणि मध्येच त्या वासाबद्दल बोलून गेले. बोलताना रडले. लाज वाटली, पण तीन आठवडे झोप नव्हती.

"मले वास येत नाई," त्या म्हणाल्या. "कोरोनात नाक गेलं ते गेलं. म्हणून मले भेव बी नाई. मंग तूच सांग, कोणाकोणाले येऊन राह्यला तो?"

फाईल सोडून या बाई वासाच्या मागे काय लागल्या, ते मला कळेना. मला उलट त्यांचा राग आला. माझा गळा फासात होता आणि या फुलांची चौकशी करत होत्या.

३

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मी त्यांच्यासोबत फिरले. फाईलचं नाव त्या जेमतेम काढत. किल्लीपर्यंत हात पोचेल आणि टँकरशी ज्यांचा संबंध येतो अशी तीन माणसं होती. तिघांनाही त्यांनी तोच प्रश्न विचारला.

पहिले वीरेंद्र साहेब. दूर उत्तरेच्या रीवाकडचे, इथं येऊन सात महिने झालेले. संध्याकाळी ते नदीकडे फिरायला जातात. त्यांनाही वास आला होता, पण त्यांना तो मोगऱ्याचा वाटला आणि कोणाच्या तरी अंगणात लावला असेल म्हणून त्यांनी सोडून दिलं. संत्र्याला फुलं केव्हा येतात, असं बाईंनी विचारलं तेव्हा ते थोडे ओशाळले आणि बहुतेक पावसात, म्हणाले. बाईंनी मान डोलावली आणि पुढे काही विचारलं नाही.

दुसरे हेमराजभाऊ. आमच्या अध्यक्ष प्रणालीताई, पण कारभार त्यांच्या नवऱ्याचा, हे सगळ्या गावाला ठाऊक. बैठकीत ताई अध्यक्षाच्या खुर्चीवर बसतात, बाजूच्या खुर्चीवरून हेमराजभाऊ बोलतात, आणि ताईंचा आवाज कसा आहे हे मला तोवर माहीत नव्हतं. भाऊ चार पिढ्यांचे संत्रेवाले. आडतीत रिकाम्या खोक्यांच्या थप्पीला टेकून बसले होते. मनगटावर जामसांवलीच्या मारुतीहून आणलेला, भूतबाधेवर बांधतात तो ताजा धागा. हा माणूस कोणालाही भीत नाही असा माझा समज होता.

"बाई, तुमी बागवाल्या हाये, तुमाले सांगाले काय पाह्यजे," ते म्हणाले. "आंबिया बहार घ्यायचा त झाड पौषात तानावर सोडा लागते. पाणी तोडा, पानं गळू द्या, मंग संक्रांतीच्या मागंपुढं पाणी द्या, का फूल आलंच. पण पाणी कोठं हाय? पाच कोसात कोणाच्या विहिरीत तान तोडाले पाणी नाई. माह्या दोन हजार झाडायच्या काड्या झाल्या. मंग हा वास झाडाचा कसा म्हणू मी?"

त्यांचा आवाज खाली गेला. हेमराजभाऊंसारखा माणूस भीत असेल, तर मी कोण?

तिसरा विनोदभाऊ, फिल्टर प्लांटचा प्रभारी. टँकर प्लांटच्या टाक्यात रिकामे होतात, फेऱ्यांच्या चिठ्ठ्या तोच फाडतो. माझ्यासारखाच मास्तरांच्या घरातला, बोलायला मऊ. नत्थूजी गेल्यावर दोनदा तोच मला खोलीपर्यंत सोडायला आला होता. त्यानं आम्हाला खुर्च्या दिल्या, चहा मागवला. विहीर तिथून वीस पावलांवर होती. मी तिच्याकडे पाठ करून बसले.

वासाचं विचारल्यावर तो हसला. "मले त कधीच नाई आला. दिवसभर इथंच असतो मी. लोकायले कामं नाई, बाई. या धनश्रीताईले बी मी हेच सांगून राह्यलो, भेऊ नका."

गावचा असून न घाबरणारा एवढा एकच माणूस होता. मला त्याचा आधार वाटला. परत येताना मी बाईंना तसं म्हटलंही. फाटकापाशी थांबून त्या प्लांटच्या पुढे डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या चाकोऱ्या पाहत होत्या.

४

आठ तारखेला दुपारी त्यांनी मला समोर बसवलं. "आता नीट आठव. नत्थूजी मेल्यावर वास सुरू झाला, का आधी?"

सगळं गाव म्हणतं, तेच मी म्हटलं, तेरवीनंतर.

"गाव म्हणते ते नको सांगू. कोणाले आधी आला होता का?"

आणि मला आठवलं. खरं म्हणजे ते मी विसरलेच नव्हते, दडपून ठेवलं होतं. अकरा फेब्रुवारीला, मरणाच्या आदल्या दिवशी, नत्थूजी प्लांटवरून आले आणि खिडकीशी उभं राहून मला म्हणाले होते, "पोरी, यंदा बहार कोणाचा फुटला?" मरणाऱ्या माणसाला असे वास येतात, असं माझी आई म्हणाली होती. तेव्हापासून मी तो विषयच काढला नव्हता.

"म्हणजे नत्थूजी जित्ते असताना त्यायलेच वास आला," बाई म्हणाल्या. "मंग तो वास नत्थूजीचा नाई. आणखी काय म्हणाले?"

शेवटी सांगितलं. त्या दिवशी नत्थूजींच्या हातात टँकरच्या चिठ्ठ्यांची गड्डी होती. प्लांटवर बसून त्यांनी दिवसभर फेऱ्या मोजल्या होत्या, त्या चाळीसच भरल्या. चिठ्ठ्या मात्र साठ. जरा पाहतेस का, असं ते म्हणाले. मी त्या वेळी पगारपत्रकात बुडालेली होते. उद्या पाहते, म्हटलं. बिलं माझ्याकडे यायची तेव्हा सहीच्या जागी शिपाई पेन्सिलीनं खूण करून आणायचा, आणि मी खूण पाहून सही करायचे. आमच्या ऑफिसात सगळे तसंच करतात. दुसऱ्या दिवशी नत्थूजी स्वतःच प्लांटवर गेले, आणि मग ते सापडले ते विहिरीत.

हे मी पहिल्यांदाच कोणाला सांगत होते. बाई मला रागावतील असं वाटलं. त्या उठल्या, बुटांच्या नाड्या बांधल्या आणि फोनवर हेमराजभाऊंना म्हणाल्या, साडेतीन वाजता दोन बागवाले घेऊन फिल्टर प्लांटच्या पुढच्या मालगुजारी बागेत या. मग मला म्हणाल्या, "चल. माह्याजवळ नाक नाई, तुह्याजवळ हाय."

५

मालगुजारी बाग म्हणजे प्लांटच्या पुढच्या खळग्यातली नऊ-दहा एकर. मालक नागपूरला राहतात, बाग कित्येक वर्षं पडीक, असं सगळे समजत. रस्ता तिथंच संपतो, म्हणून तिकडे कोणी जात नाही. वास सुरू झाल्यावर तर कोणी जाणारच नव्हतं. फाटकाला नवं कुलूप होतं. आम्ही काटेरी कुंपणाच्या एका फटीतून आत शिरलो. तीनचं ऊन होतं, माणूस नाही, पाखरू नाही, आणि तो वास इतका दाट की मला पुढं पाऊल टाकवेना. नत्थूजी समोर उभे राहतील असं वाटत होतं. मी बाईंचा पदर धरला.

आणि मग झाडं दिसली. हिरवी गार, पांढऱ्या फुलांनी भरलेली. आजूबाजूला कोसभर काड्या उभ्या असताना इथं हजारभर झाडं फुलली होती. भूत नव्हतं. झाडांचाच वास होता तो. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण उलट जास्त भीती वाटली, कारण मग नत्थूजींना कोणीतरी जिवंत माणसानं विहिरीत घातलं होतं.

बाई फुलांकडे पाहतच नव्हत्या. त्या खाली वाकून बुंधे पाहत होत्या.

"विहीर पाह्य," त्या म्हणाल्या. बागेतली विहीर कोरडी होती, तळाशी पालापाचोळा. "आता ओळी पाह्य. या ओळीत बोराएवढी फळं धरली, त्या ओळीत फूल, तिकडं अजून कळी. विहिरीचं पाणी असतं त सगळी बाग चार दिवसात भिजली असती, एकदम फुलली असती. इथं पाणी थोडं थोडं आलं, आज दोन ओळी, उद्या दोन. टँकरनं आलं. रोज वीस टँकर. गावाच्या पैशाचे. आठ लाख झाले, पोरी."

आठ लाखांत गावाला पंचवीस दिवस पाणी मिळालं असतं. हा हिशेब मी आपोआप केला आणि मग तोंडावर हात दाबला.

"कोणी?" मी विचारलं.

त्यांनी बूट एका बुंध्याला लावला. झाडाभोवती एकच आळं होतं, ओलं, आणि पाणी थेट खोडाला टेकलेलं. खोडातून चिकट डिंक वाहत होता. त्यांनी सांगितलं ते असं: ज्याच्या घरी संत्रा आहे तो झाडाला दोन आळी करतो, आतलं कोरडं, बाहेरच्यात पाणी. खोडाला पाणी लागलं की झाड डिंक सोडतं आणि सडतं. शिवाय ताण तोडताना पहिलं पाणी हलकं द्यायचं, इथं टँकरच्या टँकर ओतलेत. हेमराजनं झोपेतही असं केलं नसतं. त्याला झाड पोराहून लाडकं.

"मग वीरेंद्र साहेब?"

"त्याले संत्र्याले फूल केव्हा येते तेच मालूम नाई. इथं तान बरोबर पौषात सोडला, पाणी बरोबर संक्रांतीनंतर दिलं. म्हणजे याले तारखा मालूम हायेत, हात मालूम नाई. हा इथलाच हाय, बागवाल्यायच्या गोष्टी ऐकत वाढला, पण याच्या घरी कुदळ नोहोती." त्या माझ्याकडे वळल्या. "अशी दोन मास्तराची लेकरं हायेत तुमच्या ऑफिसात. एक विनोद. दुसरी तू."

मी त्यांचा पदर सोडला. त्या क्षणी फाटकाचं कुलूप उघडल्याचा आवाज आला.

६

विनोदभाऊ मोटरसायकल ढकलत आत आला आणि त्यानं फाटक मागे लावून घेतलं. आम्हाला पाहून तो थांबला. चेहरा तसाच मऊ होता, आणि त्याच चेहऱ्यानं तो मला खोलीपर्यंत सोडायला आला होता. कोरडी विहीर आमच्या मागे होती. तिला कठडा नव्हता.

"ताई, तुमी इथं यायले नोको होतं," तो म्हणाला. "सगळ्या बिलावर सह्या तुमच्या हायेत. माही एक बी नाई. मी गेलो त तुमी बी जान. घरी जा, मी फाईल कपाटात ठेवून देतो. बाईले काय, चार दिवसात जातीन त्या सौंसरले."

तो खरंच बोलत होता. सह्या माझ्या होत्या. आणि खोटं वाटेल, पण एका क्षणासाठी मला त्याचं म्हणणं पटलं होतं.

बाईंनी पदरानं घाम पुसला. "विनोद, एक सांग. आता येऊन राह्यला का वास?"

त्यानं मोटरसायकल स्टँडला लावली.

"साऱ्या गावाले आला. रीवाच्या माणसाले आला. तू दोन शेतं पल्याड दिवसभर बसते, आन तुलेच येत नाई म्हणे. माहं नाक मेलं हाय, तुहं त नाई? वास कुठून येते ते कोणी शोधू नये, हे या गावात एकाच माणसाले पाह्यजे होतं." मग त्या माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "हे पोरगी त मले वासाचं सांगताना रडली. तिनं पाणी दिलं असतं त तिनं वासाचं नाव बी नसतं काढलं."

विनोद एक पाऊल पुढे आला. बाई मागे सरल्या नाहीत, मी सरले, आणि माझी टाच विहिरीच्या काठाच्या मातीत रुतली. खडे आत पडल्याचा आवाज बऱ्याच वेळानं आला. तो थांबावा म्हणून मी काहीतरी बोलत होते, काय ते आठवत नाही.

तेवढ्यात कुंपणाकडून हेमराजभाऊंचा आवाज आला. ते दोन बागवाल्यांसोबत फटीतून आत शिरत होते. फुलं पाहून तिघेही जागच्या जागी थबकले. भाऊंनी हात जोडले. मग त्यांची नजर बुंध्याकडे गेली, ते खाली बसले, डिंकावर बोट फिरवलं, आणि त्यांचा चेहरा बदलला. भुताला भिणारा माणूस आता विनोदकडे ज्या नजरेनं पाहत होता, ती नजर मी विसरणार नाही.

पळायला जागा नव्हती. विनोद मोटरसायकलला टेकून खाली बसला आणि हळूहळू बोलला. दिवाळीत त्यानं ही बाग तोंडी बोलीवर वर्षभराच्या ठेक्यानं घेतली होती. बायकोचे दागिने, भविष्य निधी, सगळं त्यात घातलं. यंदा कोणाकडेच फळ राहणार नाही, म्हणजे ज्याच्याकडे असेल त्याला हवा तो भाव मिळेल, असा त्याचा हिशेब. पाणी मात्र गावाचं. दोन टँकरवाले सामील होते. मालाचे पैसे आल्यावर भरून टाकीन म्हणत होता.

"नत्थूजी?" मी विचारलं.

"त्यायनं हात धरला माहा. चाल सीएमओकडं, म्हणे. मी झटकला. तेवढंच, ताई. मी ढकललं नाई."

तेवढंच की जास्त, ते आता कोर्ट ठरवेल. फाईल बागेतल्या खोपटात खोक्यांखाली सापडली. जाळली का नाही, असं बाईंनी विचारलं, तर म्हणाला, या दिवसांत धूर दिसला की सगळं गाव बागेकडे पळत आलं असतं.

७

माझी गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं. पोलीस विनोदला घेऊन गेले, बाई अहवाल लिहायला सौंसरला गेल्या आणि त्या रात्री मी झोपले.

दहा तारखेला सकाळी वीरेंद्र साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. हेमराजभाऊ आधीच बसलेले होते. टेबलावर बजेटची प्रत होती. संचित निधीसमोर आकडा छापला होता, एकेचाळीस लाख. मी म्हटलं, साहेब, टँकरवर चोवीस लाख गेले, सतरा उरलेत. त्यांनी समजावून सांगितलं. आठ लाख विनोदकडून कधी ना कधी वसूल होतील, बाकीचा खर्च पुरवणीत दाखवता येईल. आज गावाला कळलं की शिल्लक अर्ध्याच्याही खाली गेली, तर उरलीसुरली घरपट्टीही येणार नाही, वरून चौकशी लागेल, परिषद बरखास्त होईल. बाईंचा अहवाल यायला महिना आहे. मी आज एकेचाळीस वाचले, तर माझ्या सह्यांचा विषय ते काढणार नव्हते. नाहीतर निलंबनाचा कागद तयार होता. तो त्यांनी मला दाखवला. खाली लिहिलं होतं, विनोदसोबत सहआरोपी करण्याची शिफारस.

मी हेमराजभाऊंकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर पाहत होते.

मी भित्री आहे, हे एव्हाना तुमच्या लक्षात आलंच असेल. केबिनमधून सभागृहापर्यंतच्या चाळीस पावलांत मी एकेचाळीस वाचायचं ठरवलं होतं. वडिलांचा चेहरा समोर येत होता, तुरुंगाचं दार येत होतं. सभागृह भरलेलं होतं. पंधरा पार्षद, म्हणजे नगरसेवक, आत, आणि खिडक्यांना बाहेरून माणसं चिकटलेली. बायांच्या हातात रिकाम्या कळशा होत्या. टँकरच्या रांगेतून त्या तशाच उठून आल्या होत्या.

मी वाचायला उभी राहिले. घरपट्टी, बाजार, चुंगीची भरपाई, पगार. मग ती ओळ आली. माझ्या डोक्यात हिशेब सुरू झाला, तो मला थांबवता आला नाही. एकेचाळीस ऐकलं तर ही माणसं निश्चिंत होतील, आहे तसंच रोज पाणी वापरतील, आणि मेच्या सुरुवातीलाच एक दिवस टँकर येणार नाहीत. का, ते त्यांना कोणी सांगणार नाही.

"संचित निधी," मी म्हटलं. "सतरा लाख."

वीरेंद्र साहेबांनी हिंदीत, हळू आवाजात, आकडा पुन्हा पाहायला सांगितलं. मी पुन्हा सतराच वाचले. माझा आवाज फाटला होता.

मग अध्यक्षाच्या खुर्चीवरून एक आवाज आला, आणि तो प्रणालीताईंचा आहे हे समजायला मला वेळ लागला. "सतरा लाखात पाणी कधीपर्यंत पुरन?"

"मेच्या दोन तारखेपर्यंत, ताई."

"आन पाऊस?"

"लवकरात लवकर जूनच्या मध्यात."

हेमराजभाऊ त्यांच्या कानाशी वाकले. ताईंनी मान हलवली नाही. "मंग उद्यापासून टँकर एक दिवसाआड. आन प्रत्येक फेरी वॉर्डातल्या दोन बाया मोजतीन. लिहा."

मी लिहिलं. मग पेन खाली न ठेवता म्हटलं, "ताई, खोट्या फेऱ्यांच्या बिलांवर सह्या माझ्या आहेत. न पाहता केल्या. नत्थूजींनी मला चिठ्ठ्या दाखवल्या होत्या. मी उद्या पाहते म्हणाले."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग होता की दया, मला आजही सांगता येत नाही.

"ते बी लिहा," त्या म्हणाल्या.

मी इतिवृत्ताचं रजिस्टर पुढे ओढलं आणि पुढच्या ओळीवर स्वतःचं नाव लिहिलं.